टॅपेट कव्हरचं पॅकिंग, दोन गॅरेज आणि एक पावडरचा डबा

आधी निकाल सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या शेडमध्ये मी गाडीच्या तेलगळतीचं काम करून घेतलं, त्याला माझ्याकडून पाचपैकी सव्वाचार. उरलेला पाऊण कुठे कापला ते पुढे येईलच. नाव विचारू नका, कारण शेडला नावच नाही. पत्र्यावर रंगानं 'येथे मारुती व होंडाची कामे केली जातील' एवढंच लिहिलंय, आणि त्यातला 'होंडा'सुद्धा नंतर कोंबलेला दिसतो.

गाडी होंडा सिटी, १.५ पेट्रोल, २००२ ची, एमएच-०९. आम्ही तिचे दुसरे मालक. किलोमीटर एक लाख ब्याऐंशी हजार. २०१७ साली पंधरा वर्षं झाली तेव्हा आणि २०२२ साली परत, असं दोनदा नोंदणीचं नूतनीकरण करून आणलंय. दुसऱ्या वेळी फी पाच हजार होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली, म्हणजे २०२७ ला तेवढे काढून ठेवायचे, पर्यावरण कर वेगळाच. लोक म्हणतात, एवढं करून कशाला ठेवता? मी लोकांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न भरते. घसारा कसा लावतात मला चांगलं ठाऊक आहे. दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावत गेलं तर किंमत बारीक होत जाते, शून्य कधीच होत नाही. माझी गाडी त्या बारीक टप्प्यावर आहे.

दुखणं कळलं मे महिन्यात. कणकवलीहून, माझ्या माहेरून, फोंडा घाट चढून येत होतो. घाटमाथ्यावर गाडी थांबवली तर बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास. मागे आई बसली होती, तिनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "गो, काय करपला?" बॉनेट उघडलं तर पुढच्या बाजूला, एक्झॉस्टच्या पत्र्यावरून, उदबत्तीसारखा बारीक धूर वर येत होता. आग नाही, भडका नाही, पण बघून पोटात गोळा आला. घरी आल्यावर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसून बुडवली. दोन खुणांच्या मधोमध तेल. हजार-बाराशे किलोमीटरमागे ते वरच्या खुणेला होतं. त्यात सकाळी गाडी सुरू केली की पहिला मिनिटभर ती उचकी लागल्यासारखी हलायची. ही उचकी आणि तो वास एकाच घरची भावंडं आहेत हे मला सप्टेंबरात कळलं.

पहिलं गॅरेज घराजवळचं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, काम लिहिते. मालकानं बॉनेट उघडून दहा सेकंद पाहिलं आणि "टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय" म्हणाला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेची रबरी पट्टी. निदान बरोबर होतं, निदान अर्धं तरी. उपचार मात्र असा की कव्हर उघडलंच नाही. झाकण आणि इंजिनाच्या मधली जी सांध, तिच्यावर बाहेरूनच करड्या सिलिकॉनची बोटभर जाड रेघ ओढली, नट जोर लावून आवळले आणि गाडी माझ्या हातात दिली. भिंतीची ओल आतून येत असताना बाहेरून पुट्टी मारावी तसं. सिलिकॉनचे साडेतीनशे, मजुरी सहाशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे एकाहत्तर, एकूण अकराशे एकवीस. बिलावर जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. मी विचारलं, "नंबर?" तो म्हणाला, "मॅडम, सगळेच लावतात." म्हटलं, सगळे लावत असतील, पण ज्याची नोंदणी नाही त्याला लावता येत नाही. एकशे एकाहत्तर रुपये परत मिळाले. तेल मात्र तीन आठवड्यांत पुन्हा गळायला लागलं.

मधे एका मोठ्या, वातानुकूलित काचेच्या खोलीवाल्या वर्कशॉपलाही विचारलं. तिथे कॉफी चांगली होती. गाडीखाली न वाकताच त्यांनी अंदाज दिला, पाच हजार आठशे, "आणि मॅम, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा..." त्यांच्या एक्स्चेंजच्या माणसाचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये अजून पडून आहे.

गणपतीला परत कणकवलीला जायचं होतं. यांनी गाडी न्यायची नाही म्हटलं, आम्ही एसटीनं गेलो. परत आल्यावर माझ्या एका अशिलानं, ज्याचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे, या शेडचा पत्ता दिला.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. पहिलं वाक्य मला आवडलं नाही: "साहेब आले न्हाईत?" म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, मीच चालवते, बोला. त्यावर ते हसले, हात पुसले आणि बॉनेट वर केलं. बाहेरची ती सिलिकॉनची रेघ बघून त्यांनी नखानं तिचं एक टोक उचललं. रबरी गांडुळासारखी अख्खी रेघ सोलून हातात आली. "हे आत पडलं असतं तर तळाच्या जाळीत जाऊन बसतंय वैनी. मग तेल वर चढत न्हाई. आन् मग इंजिनच."

मग त्यांनी जे केलं त्यासाठीच हा सगळा लिहिण्याचा खटाटोप. त्यांनी काहीच उघडलं नाही. पोराकडून इंजिनाचा वरचा भाग ब्रशनं, डिझेलनं धुऊन घेतला, हवेच्या पाइपनं सुकवला. तो मळ निघाल्यावर खालून ॲल्युमिनिअम दिसायला लागलं. बावीस-तेवीस वर्षांत ते असं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मग शेडच्या कोनाड्यातून टाल्कम पावडरचा डबा आला. देवाच्या तसबिरीखालीच ठेवलेला होता, मी म्हटलं उन्हाळ्याचा असेल. त्यांनी ती पावडर कव्हरच्या सांधीवर, चारी बाजूंनी, आणि शेजारच्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या, बुडाशी हलक्या हातानं भुरभुरवली. करंजीच्या पोळपाटावर पिठी टाकतात ना, तेवढीच. "आता रंकाळ्याला एक फेरी मारून या. सावकाश जावा, रेस करू नका."

रंकाळ्याला फेरी मारून आले. बॉनेट उघडलं आणि पावडरीवर सगळं लिहून ठेवलं होतं. पुढची कड जवळजवळ कोरडी. मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीकडे, कोपऱ्यात तपकिरी ओघळ. आणि गिअरबॉक्सच्या बाजूला, जिथे डिस्ट्रिब्युटर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जोडलेला असतो, तिथे पावडर पार भिजून चिखल झालेली. तिथल्या ओ-रिंगवर, म्हणजे गोल रबरी कडीवर, मिस्त्रींनी बोट ठेवलं. "पॅकिंग तर गेलंयच. पण ह्याची ओ-रिंग पण गेलीया. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तुम्ही मला शिव्याच घातल्या असत्या." पहिल्या गॅरेजनं दहा सेकंदांत जे पाहिलं आणि मिस्त्रींनी पाऊण तास घालवून जे पाहिलं, त्यातला फरक म्हणजे ही पंचवीस-तीस रुपयांची पावडर.

मग त्यांनी स्पार्क प्लगची एक वायर उपटली. या इंजिनात प्लग खोल विहिरीत बसतात आणि ती विहीर कव्हरमधून आरपार जाते. प्रत्येक विहिरीच्या काठाला एक रबरी सील. वायरचं लांब टोक बाहेर आलं ते तेलानं निथळत. दुसऱ्या विहिरीतही तसंच. "ही तुमची सकाळची उचकी," मिस्त्री म्हणाले. प्लगच्या विहिरीत तेल साचलं की ठिणगी नीट पडत नाही. मी तोवर प्लग बदलायचा, कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, साफ करायचा, काय काय सल्ले ऐकून होते. या गाडीला कार्ब नाहीच, हे सल्ला देणाऱ्याला कोण सांगणार.

एक गोष्ट मला घरगुती भाषेत समजली म्हणून लिहिते. मी विचारलं, हे पॅकिंग म्हणजे कुकरची रिंगच ना? म्हणाले, दिसायला तशी, पण कुकरमध्ये प्रेशर असतं, इथे नसायला पाहिजे. कव्हरच्या आत तेल उडत असतं, ते खाली परत जातं. दाब फारसा नसतो. तो साचू नये म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही, जो आतली वाफ ओढून परत इंजिनात जाळायला पाठवतो. तो मळानं चोंदला की दाब आतच राहतो आणि मग नवीन पॅकिंगसुद्धा कडेनं तेल सोडतं. त्यांनी तो काढून कानाजवळ हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला. वाजतोय म्हणजे चांगला आहे, परत लावला, पैसे नाहीत. मी आयुष्यात इतकी बिलं तपासली, 'तपासलं, चांगलं निघालं, शून्य रुपये' अशी ओळ फार कमी वेळा पाहिली आहे.

सामानाबद्दल थोडं, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. दुकानात दोन प्रकार दाखवतात. एक विनानावाच्या पिशवीतला अख्खा सेट साडेचारशेचा, दुसरा कंपनीच्या पाकिटातला, सुटे भाग वेगवेगळे. मी दोन्ही हातात घेऊन वाकवले. स्वस्तातल्या पॅकिंगवर साच्याची कड उमटलेली होती आणि कोपऱ्यात ते वळायला नकार देत होतं. कंपनीचं मऊ, कोपऱ्यात अचूक. कव्हर पॅकिंग सातशे ऐंशी, प्लगच्या विहिरींची चार सील प्रत्येकी एकशे साठ, नटांखालच्या रबरी वायसरी दोनशे चाळीस, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग पंच्याण्णव, आणि एक ब्रीदरची रबरी नळी दोनशे दहा, कारण जुनी हात लावताच तुटली. एकूण एकोणीसशे पासष्ट, कर धरून, पक्कं बिल. ओ-रिंग कोल्हापुरात नव्हती, पुण्याहून यायला तीन दिवस लागले. नुसतं पॅकिंग बदलून सील आणि वायसरी जुन्याच ठेवणारे पुष्कळ आहेत. मिस्त्रींनी मला सरळ सांगितलं की सगळं एकदम घेणार नसाल तर कामाला हात लावत नाही.

काम बघायचं म्हणून मी सकाळी साडेदहालाच जाऊन बसले. बसायला तेलाचा उलटा डबा. गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायला लावली होती, इंजिन पार थंड पाहिजे म्हणून. ते का, ते पुढे कळलं.

वायरींवर खडूनं एक ते चार आकडे टाकले. दहा नंबरच्या पान्यानं नट काढले. वायसरी निघाल्या त्या पहिल्या गॅरेजच्या जोरानं दबून फाटलेल्या. "ह्या गाडीला आवळून काय मिळत न्हाई," मिस्त्री म्हणाले, "बोल्टाला खांदा असतोय, त्याच्या खाली नट जातच न्हाई. जोर लावला तर बोल्टच तुटतोय." कव्हर चिकटून बसलं होतं. पोरानं स्क्रूड्रायव्हर घातला तशी त्याला एक टपली बसली. लाकडाचा ठोकळा लावून, कडेनं, दोन हलके ठोके. टक् करून सुटलं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की ॲल्युमिनिअमला ओरखडा पडतो आणि नवीन पॅकिंगला तिथूनच वाट मिळते.

जुनं पॅकिंग कव्हरच्या खाचेतून ओढलं तर ते रबर उरलंच नव्हतं. शिळ्या चकलीसारखं तुकड्या-तुकड्यानं मोडलं, कटकट आवाज करत. एक तुकडा मी पर्समध्ये टाकून आणलाय, यांना दाखवायला. कंपनीला काय दोष द्यायचा. एवढी वर्षं रोज तापून थंड होणारं रबर अजून किती टिकणार.

आत पहिल्यांदाच पाहिलं मी. मधासारख्या रंगाचं तेल, त्यात चकाकणारा कॅमशाफ्ट आणि त्याच्या फिरण्यानं व्हॉल्व्ह दाबणारे सोळा रॉकर. डोक्यावरच्या भोकांत मिस्त्रींनी आधी स्वच्छ फडकी कोंबली, तुकडा आत पडू नये म्हणून. कव्हर रॉकेलनं धुतलं, खाच बांबूच्या कामटीनं खरवडली. मग म्हणाले, "आता उघडलंच हाय तर टॅपेट बी बघून घेतो." इथे थंड इंजिनाचा खुलासा झाला. टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, थंड असतानाच मोजायची, गरम धातू फुगतो आणि माप चुकतं. फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती घेऊन, इनटेकला शून्य पूर्णांक वीस मिलिमीटर, एक्झॉस्टला शून्य पूर्णांक पंचवीस, एकेक करत सोळाही व्हॉल्व्ह झाले. त्यांनी मला एकदा पातं ओढून बघायला दिलं. अडकायला नको, सैल पण नको. वहीच्या दोन पानांमधून कागद ओढताना लागतो तसा किंचित घासला पाहिजे. मला ते पहिल्याच वेळी जमलं, हे इथे नमूद करते.

कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टचं वरचं झाकणही काढून पाहिलं. तेल त्या बाजूनं उतरलं तर बेल्टचं रबर खातं, आणि बेल्ट तुटला तर पाच हजार आठशेत काही होत नाही. बेल्ट कोरडा होता. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्यांनी त्याच्या आणि हेडच्या अंगावर खिळ्यानं एकच सरळ रेघ मारली, बसवताना ती परत जुळवली. नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हलतं.

नवीन पॅकिंग खाचेत बोटांनी दाबत बसवलं. सिलिकॉन त्यांनीही वापरलं, पण कुठे? कॅमच्या दोन टोकांना जिथे अर्धगोल आणि सपाट भाग भेटतात, त्या कोपऱ्यांत, हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका. बाकी सगळीकडे सुकं. नट समोरासमोरचे, थोडे-थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. शेवटची फेरी जोर मोजणाऱ्या छोट्या टॉर्क पान्यानं, ९.८ न्यूटन-मीटर, मिस्त्रींच्या भाषेत 'एक किलो'. मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आणि त्याच दिवशी चालू करायला दिली नाही. सिलिकॉन रात्रभर धरू दे म्हणाले.

मजुरी टॅपेट धरून अकराशे, डिस्ट्रिब्युटरचे तीनशे. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत, नोंदणी नाही, म्हणून जीएसटी लावला नाही, आणि ते बरोबरच आहे. सामान धरून एकूण तीन हजार तीनशे पासष्ट. चिठ्ठी वहीच्या पानावर, पण प्रत्येक ओळ वेगळी, जुने भाग पिशवीत घालून परत.

आता कापलेला पाऊण. 'दोन दिवसांत देतो' म्हणून सहा दिवस लागले. तीन ओ-रिंगचे मानले तरी बाकीचे कुणाचे? फोन उचलत नाहीत. बायकांसाठीच काय, कुणासाठीच स्वच्छतागृह नाही, शेजारच्या कारखान्यात विचारावं लागतं. स्टिअरिंगवर काळ्या बोटांचे ठसे होते, सीटवर एक. बॅटरीची वायर काढल्यामुळे घड्याळ बारावर आलं, ते लावायचं राहिलं. आणि शेवटी पैसे घेतानासुद्धा, "साहेबांना सांगा, आता बिनधास्त घाट चढवा."

घाट मी चढवला. दिवाळीला फोंडा, पौषात एकदा आंबा. वास नाही. सकाळची उचकी गेली. रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायची मला सवय लागली आहे. चार महिन्यांत त्यावर तेलाचा डाग नाही. तेल बदलून तीन हजार किलोमीटर झाले, डिपस्टिकवर थोडंसंच उतरलंय.

परवा हवा बघायला म्हणून सहज तिथे थांबले. मिस्त्रींनी न विचारता बॉनेट उघडलं, कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, कोरडं बोट मला दाखवलं. मग तेच बोट खाली पॉवर स्टिअरिंगच्या नळीला लावलं. ते ओलं आलं.

"हे शिमग्याच्या आधी बघू," म्हणाले. मी डायरीत लिहून ठेवलंय, आणि पावडर संपत आलेली दिसली म्हणून नवा डबाही घेऊन ठेवलाय.